आर्ट जर्नलमध्ये टाइपरायटरची अक्षरं पुन्हा पुन्हा का फिसकटतात?

टाइपरायटरची थीम घेऊन आर्ट जर्नलचं, म्हणजे रंग, कागद आणि मजकूर चिकटवून सजवलेल्या वहीचं, पान करायचं म्हटलं की साहित्य पटकन जमतं. मशीनचं एखादं रेखाचित्र, गोल बटणांची ओळ, चहात बुडवलेला कागद, आणि मुख्य म्हणजे खऱ्या मशीनवर टाइप केलेल्या चार ओळी. पान तयार होतं, छान दिसतं, आणि मग शेवटचा हात म्हणून वरून मॅट मिडियम (चमक न येणारा अ‍ॅक्रिलिकचा लेप) किंवा पातळ केलेला फेव्हिकॉल फिरवला की अक्षरांतून काळपट-करडे ओघळ निघतात. काहींच्या बाबतीत तेवढंही लागत नाही. कागद चिकटवताना बोट फिरलं तरी ओळीवर धूर पसरल्यासारखा पट्टा उमटतो. पुढच्या पानाला नवी रिबन (मशीनची शाईची फीत), त्याच्या पुढच्या पानाला दुसरा गोंद, तरी तेच.

यावर सगळीकडे मिळणारा सल्ला एकच: ‘वरून वॉर्निश मारा.’ हा सल्ला बहुतेक वेळा उपयोगाचा नाही. शाई हलते आहे ती वॉर्निश नाही म्हणून नव्हे. ती मुळात कागदात गेलेलीच नसते, म्हणून हलते. वॉर्निशचा ब्रश फिरला की उरलेलं काम तोच करतो.

रिबनची शाई वाळत नाही, आणि ती वाळू नये अशीच केलेली असते

फाउंटन पेनमधली शाई पाण्याची असते. पाणी उडून जातं, रंग कागदावर राहतो. रिबनची शाई तेलाची. त्यात काजळीसारखा कार्बन ब्लॅक असतो, बऱ्याचदा काळा रंग अधिक गडद दिसावा म्हणून थोडे विरघळणारे रंगही असतात, आणि हे सगळं सहसा न सुकणाऱ्या तेलात कालवलेलं असतं. तेल मुद्दाम तसं निवडतात. नाहीतर मशीनवर चढवलेली रिबन आठवड्याभरात कोरडी ठणठणीत झाली असती. ज्यांनी कधी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये क्लास केला आहे त्यांना हे माहीत असेल: फिकी पडलेली रिबन काही दिवस तशीच राहू दिली की पुन्हा जराशी गडद उमटते. टाइपचा ठोका बसलेल्या जागी आजूबाजूच्या धाग्यांतून तेल आणि शाई पुन्हा झिरपत येते, म्हणून.

रिबनमधला हा गुण पानावर आला की दोष होतो. कागदावर बसलेली शाई ‘सुकते’ म्हणजे फक्त तिच्यातलं तेल कागदाच्या तंतूंत शोषलं जातं. कागद शोषणारा असेल तर दिवसभरात अक्षर बऱ्यापैकी पक्कं होतं. कागद शोषणाराच नसेल, तर ते महिनाभरानंतरही बोटाला लागेल.

म्हणून पहिला प्रश्न रिबनबद्दल विचारू नका. टाइप कशावर केलं, ते विचारा.

आधी तीन ओळींची चाचणी

ज्या कागदावर नेहमी टाइप करता त्याच कागदाच्या पट्टीवर एकच ओळ तीनदा टाइप करा. ओळीत भ, ध, ष, क्ष, ण अशी भरीव अक्षरं येऊ द्या. पट्टी एक पूर्ण दिवस बाजूला ठेवा. मग पहिल्या ओळीवरून कोरडं बोट जरा दाबून फिरवा. दुसरीवर पाण्याचा थेंब टाकून मिनिटभराने टिश्यूने टिपून घ्या, घासू नका. तिसरीवर तुम्ही जे काही वापरता ते (मॅट मिडियम, जेल मिडियम, मॉड पॉज, पातळ फेव्हिकॉल) नेहमीच्याच ब्रशने लावा.

कोरड्या बोटानेच ओळ फिसकटली, तर एकतर शाई फार आहे, नाहीतर कागद ती पिऊन घेत नाही. पाण्याच्या थेंबाभोवती जांभळट, निळसर किंवा गुलाबी वलय आलं, तर शाईत पाण्यात विरघळणारा रंग आहे. काळ्या-लाल रिबनच्या लाल भागात हा त्रास जास्त दिसतो. पाण्याने काही झालं नाही पण मिडियमने ओळ मळली, तर गडबड दोन बाजूंनी आहे. ब्रशचे केस अक्षर घासतात, आणि अ‍ॅक्रिलिक मिडियममध्ये साबणासारखे पदार्थ असतात ते तेल उचलून घेतात. अ‍ॅक्रिलिकची ही बाजू बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ‘पाण्याने तर काही झालं नाही, मग याने कसं झालं?’ या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

तिन्ही ओळी जागच्या हलल्या नाहीत, तर टाइपरायटर निर्दोष आहे. मग पानावरचा दुसरा कोणीतरी आरोपी शोधायचा: रबरी शिक्क्याची शाई, इंकजेट प्रिंट, किंवा जेल पेन. त्यांच्याकडे पुढे येतो.

जेसोवर टाइप करू नका

हे सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण आहे, म्हणून जरा सविस्तर.

आर्ट जर्नलिंगमध्ये पानाला आधी जेसो, म्हणजे रंगाखाली द्यायचा अस्तराचा लेप, लावायची सवय लागलेली असते. पातळ कागद मजबूत होतो, रंग आरपार जात नाही, सगळं बरोबर. मग कोणीतरी सुटं पान जेसो लावून, वर अ‍ॅक्रिलिकचा हलका रंग देऊन, वाळवून मशीनमध्ये चढवतो. अक्षरं काय सुंदर उमटतात! कागदापेक्षा कडक, काळीभोर. कारण शाई आत न जाता सगळी वरच बसलेली असते. अ‍ॅक्रिलिक जेसो आणि अ‍ॅक्रिलिक रंग म्हणजे शेवटी प्लास्टिकचा पापुद्रा. त्यावर तेलाची शाई सनमायकाच्या टेबलावर सांडलेल्या तेलासारखी राहते. कितीही दिवस वाट पाहा, पुसली की निघाली.

शिवाय जेसोत खडूची वा तत्सम भुकटी असते. ती वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरसारखी खरखरीत होते. तिच्यावर टाइप (अक्षराचा धातूचा ठसा) आपटत राहणं मशीनच्या टाइपला आणि रोलरला चांगलं नाही. जाड, रंगवलेलं पान रोलरभोवती नीट वळतही नाही. कडेला रंगाला भेगा पडतात.

बटर पेपर, ट्रेसिंग पेपर, गुळगुळीत मासिकाचं पान, फोटो पेपर यांचं तेच. ट्रेसिंगवर टाइप केलेली ओळ पानावर तरंगल्यासारखी दिसते, मोह होतो. मोह आवरत नसेल तर ट्रेसिंगवर फोटोकॉपी काढून घ्या, टाइप करू नका.

मग काय वापरायचं? साधा ७०-७५ जीएसएमचा कॉपियर कागद. हो, तोच. चकचकीत नसलेला, फारसा गुळगुळीत नसलेला. जुन्या कचेऱ्यांत वापरायचे तो बाँड पेपरही उत्तम, पण त्याचं पाणी प्यायचं प्रमाण कमी असतं, म्हणून एकाऐवजी दोन दिवस द्या. वर्तमानपत्राचा कोरा कागद शाई झटकन पितो, पण काही वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो. जर्नल टिकवायचं असेल तर तो नको.

हातकागदाबद्दल दोन शब्द. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून आहे, तिथला सुती चिंध्यांचा कागद जर्नलसाठी फार देखणा. पण हातकागद एकसारखा नसतो. काही प्रकारांना चांगलं सायझिंग (शाई पसरू नये म्हणून दिलेली खळ) असतं, काहींना जवळजवळ नसतंच. सायझिंग कमी असलेल्या कागदावर शाई फुटते, अक्षरांच्या कडा केसाळ दिसतात. फुटलेली शाई म्हणजे फिसकटलेली शाई नव्हे. ती कागदात गेलेली असते आणि पक्की असते. केसाळ कडा आवडत असतील तर हा कागद चांगलाच. नाही आवडत, तर हातकागद पार्श्वभूमीला ठेवा आणि मजकूर कॉपियर कागदावर घ्या.

तसंही बांधलेली वही मशीनमध्ये जात नाही. मजकूर वेगळ्या कागदावर टाइप करून कापून चिकटवणं हाच मार्ग आहे. तेव्हा तो वेगळा कागद कोणता, हे आपल्या हातात आहे.

मशीन फार शाई ओकत असेल तर

कागद योग्य असूनही कोरड्या बोटाने ओळ मळली, तर पुढचा संशय मशीनवर.

आपल्याकडे आज हाताला लागणारी बहुतेक मशीनं गोदरेज किंवा रेमिंग्टनची. गोदरेजने टाइपरायटर बनवायला १९५५ मध्ये सुरुवात केली आणि शिरवळच्या कारखान्यातलं उत्पादन २००९ च्या सुमारास थांबलं. म्हणजे जुन्या बाजारातून घेतलेलं सगळ्यात ‘नवं’ यंत्रही पंधरा वर्षांपेक्षा जुनं. त्याच्या रोलरचं रबर कडक झालेलं असतं, टाइपच्या खाचांत वर्षानुवर्षांची शाई आणि कागदाची धूळ बसलेली असते. भ चं पोट भरलेलं, ध ची गाठ बुजलेली, ष आणि प मध्ये फरक कळत नाही, अशी अक्षरं दिसली की समजायचं: टाइप भरलाय. भरलेला टाइप अक्षराचा नुसता आकार उमटवत नाही, शाईचा गठ्ठाच कागदावर ठेवतो. तो गठ्ठा सुकणार कुठून?

जुना टूथब्रश, थोडं रॉकेल किंवा पेट्रोल, आणि खाली फडकं. मेकॅनिक हेच करत आले आहेत. टाइपबार (टाइप बसवलेले दांडे) एकेक करून हलकेच उभे करा आणि ब्रश आपल्याकडे ओढत घासा, म्हणजे घाण मशीनच्या पोटात पडणार नाही. खाचेत अडकलेलं पिनेने काढा, पण उकरू नका. टाइपची कड दबली की ते अक्षर कायमचं तसंच उमटतं. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास दिवा, उदबत्ती काही नको. स्पिरिट किंवा थिनर टाळा. मशीनचा रंग आणि बटणांवरची अक्षरं त्याने जातात.

देवनागरी मशीनची एक खास अडचण इंग्रजीवाल्यांना येत नाही. रेमिंग्टन मांडणीत ख, घ, थ, ध, भ, श, ष, ण ही अक्षरं एका ठोक्यात येत नाहीत. आधी अर्धं अक्षर, मग काना. मात्रा, अनुस्वार, रफार वेगळे ठोके. आणि शिरोरेघा एकमेकींना भिडाव्यात म्हणून शेजारच्या अक्षरांच्या रेघा जराशा एकमेकींवर चढतात. तिथे शाई दुप्पट बसते. फिसकटलेली ओळ भिंगाखाली पाहिली तर डागाची सुरुवात बहुतेक वेळा शिरोरेघेच्या सांध्यापासून झालेली दिसेल. म्हणून मराठी मजकूर टाइप करताना हलका हात ठेवा. परीक्षेसाठी ठोकायची सवय लागलेली असते, ती इथे सोडा.

नवी रिबन आणली असेल तर ती जवळजवळ हमखास जास्त शाईची असते. आधी रद्दी कागदावर एखाद-दोन पानं भरून काहीही टाइप करा. रिबन घेताना सुतीपेक्षा नायलॉनची बघा. ती पातळ, शाई कमी धरते, अक्षर रेखीव येतं. आणि शक्य असेल तर काळ्या-लालऐवजी पूर्ण काळी. अर्ध्या इंचाची रिबन बहुतेक मशीनना चालते, पण हल्ली ती प्लास्टिकच्या फिरकीवर नाहीतर नुसतीच गुंडाळून मिळते. जुन्या धातूच्या फिरक्या फेकू नका, त्यांच्यावरच नवी रिबन चढवा. रिबनच्या टोकाजवळची धातूची छोटी रिंग फिरकीच्या बाहेरच्या बाजूला राहील याकडे लक्ष द्या. बऱ्याच मशीनमध्ये तीच रिबनची दिशा उलटवते.

एकाच जागी पुन्हा पुन्हा ठोके मारून छटा काढायच्या असतील, तर गोष्ट वेगळी. मुंबईचे चंद्रकांत भिडे युनियन बँकेत नोकरी करता करता टाइपरायटरवर व्यक्तिचित्रं काढायला लागले. त्यांची ती कामं पाहिली की आपणही करून बघावंसं वाटतं. पण गडद भागात ठोक्यांवर ठोके बसतात आणि तिथे शाई साचते. अशा कामासाठी मुद्दाम जुनी, फिकट रिबन वापरा. तयार झालेल्या तुकड्यावर साधा कॉपियर कागद ठेवून वरून वजन द्या आणि रोज तो कागद बदला. त्याला डाग लागायचे थांबले की तुकडा जर्नलमध्ये न्या. आणि त्यावर ब्रश कधीही नको.

रिबन बंद करा, कार्बन लावा

हा उपाय मला सगळ्यात आवडतो, आणि तो फारसा कोणी सांगत नाही.

बहुतेक मशीनवर रिबनचा रंग बदलायची छोटी खिटी असते: काळा, लाल आणि पांढरा. पांढऱ्यावर ठेवली की रिबन वर येतच नाही. ही सोय सायक्लोस्टाइलचं (प्रती काढायच्या जुन्या यंत्राचं) स्टेन्सिल कापण्यासाठी होती. खिटी पांढऱ्यावर ठेवा, चांगला कागद घ्या, त्यावर कार्बनची शाईची बाजू टेकवून कार्बन ठेवा, वर एक पातळ कागद, आणि टाइप करा. खालच्या कागदावर उमटतं ते मेणातलं अक्षर.

मेण पाण्याला दाद देत नाही. वॉटरकलरचा हलका हात वरून फिरवला तरी कार्बनचं अक्षर जागचं हलत नाही. जुन्या फायलींतल्या ऑफिस कॉपी ओल आलेल्या कपाटातही वाचता येतात, त्यामागे हेच. शिवाय कार्बनच्या अक्षराला किंचित मऊ, धूसर कड येते, ती या थीमच्या पानाला फार शोभते.

खोट एकच: घासल्यावर कार्बन मळतो. तेव्हा पाणी चालेल, बोट चालणार नाही. कोरेसचा किंवा कोणताही पेन्सिल कार्बन नव्हे, टायपिंगचा कार्बन मागा. पेन्सिल कार्बन मऊ असतो, जास्त मळतो. आणि एकच कार्बन खूपदा वापरू नका. झिजला की अक्षरं तुटक येतात.

फोटोकॉपीचा मार्ग

ज्यांना वरून भरपूर रंग, मिडियम, स्टेन्सिल, सगळंच करायचं असतं त्यांनी सरळ टाइप केलेल्या पानाची लेझर फोटोकॉपी काढावी. टोनर म्हणजे प्लास्टिकची भुकटी, उष्णतेने कागदावर वितळवलेली. पाणी, गोंद, अ‍ॅक्रिलिक, काहीही लावा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने मात्र टोनर विरघळतो. इस्त्री फिरवायची असेल तर मध्ये बेकिंगचा कागद ठेवा, नाहीतर टोनर इस्त्रीला चिकटतो.

दुकानात एक गोष्ट विचारून घ्या: मशीन लेझर आहे की इंक टँकचं? हल्ली छोट्या दुकानांत दोन्ही असतात आणि छापील पान दिसायला सारखंच दिसतं. ओलं बोट एका कोपऱ्यातल्या अक्षरावर फिरवलं की तिथल्या तिथे कळतं.

‘पण मग खरं टाइप केल्याचा ठसा कुठे राहिला?’ ही तक्रार रास्त आहे. खऱ्या टाइप केलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं की पूर्णविराम टोचतो, ते फोटोकॉपीत नाही. मी दोन्ही एकत्र वापरते: रंगाखाली जाणारा, पार्श्वभूमीचा मजकूर फोटोकॉपीचा, आणि वाचायची ती मुख्य ओळ खरी टाइप केलेली, अगदी शेवटी, कोरड्यावर चिकटवलेली.

आजोबांच्या वेळची टाइप केलेली कागदपत्रं, कोर्टाचे कागद, बदलीचे हुकूम कापून वापरणारे लोक पाहिले की जीव वरखाली होतो. भावनेचं सोडा, तांत्रिक कारणही आहे. त्या काळात कॉपी घेण्यासाठी खास रिबन असायच्या, त्यांच्या शाईत पाण्यात विरघळणारा अ‍ॅनिलीन रंग असे. काळपट दिसणाऱ्या ओळीवर ओला गोंद लागला की क्षणात जांभळ्या रंगाचा पूर येतो, आणि तो परत घेता येत नाही. मूळ कागद फाइलमध्ये ठेवा, जर्नलला फोटोकॉपी.

कामाचा क्रम

क्रम चुकला की वरचे सगळे उपाय फुकट. चहाचा किंवा कॉफीचा डाग कागदाला टाइप करण्याआधी द्यायचा, वाळवायचा, इस्त्री करायची, मग टाइप. उलटं केलंत तर रिबनची शाई आणि चहा दोन्ही फिसकटतात. टाइप केल्यावर एक दिवस थांबायचं. पानाची पार्श्वभूमी, जेसो, रंग, शिक्के, स्टेन्सिल हे सगळं तोवर उरकून पूर्ण वाळवायचं. मजकुराचे तुकडे शेवटी.

चिकटवायला फेव्हिस्टिकसारखी गोंदकांडी. तिच्यात पाणी कमी असतं, कागदाला सुरकुती येत नाही. तुकडा जागेवर ठेवल्यावर बोटाने दाबायचा नाही! वर कोरा कागद ठेवून त्या कागदावरून बोट किंवा चमच्याची पाठ फिरवायची. चाचणीत पास झालेला मजकूरही इथे फिसकटतो. चिकटवताना अंगठा सरकतो आणि दोष गोंदाला जातो.

वरून काही लावायचंच असेल, तर ब्रश बाजूला ठेवा. चारकोलच्या चित्रांसाठी मिळतो तो फिक्सेटिव्ह स्प्रे हातभर अंतरावरून, अगदी हलके दोन-तीन थर, दर थरामध्ये वाळू देत. चाचणीच्या पट्टीवर आधी मारून बघा, कारण फिक्सेटिव्हमधलं स्पिरिट काही शाईंतला रंग विरघळवतं. स्प्रे गॅलरीत किंवा गच्चीत. स्प्रेचा थर नीट बसल्यावर मॅट मिडियम स्पंजने टिपत टिपत लावता येतं. ओढून नाही.

शिक्के आणि बटणं

रबरी शिक्क्यांनी टाइपरायटरचं चित्र किंवा अक्षरं उमटवत असाल तर पॅड बघा. ऑफिसचं जांभळं-निळं स्टॅम्प पॅड ग्लिसरीनसारख्या द्रवावर चालतं, त्यातला रंग पाण्यात विरघळतो. पानावर ओलं काहीही आलं की तो पसरणार. डिस्ट्रेस इंक तर पाण्याने पसरावी म्हणूनच बनवलेली असते. पिगमेंटची पक्की शाई कागदावर, आणि अ‍ॅक्रिलिकच्या किंवा चकचकीत पृष्ठभागावर स्टेझऑनसारखी सॉल्व्हंट शाई.

कागदाची गोल बटणं पंचने कापून वर पारदर्शक घुमटी किंवा ग्लॉसी थेंब देणाऱ्यांनी अक्षर टोनरचंच घ्यावं. रिबनचं किंवा इंकजेटचं अक्षर त्या थेंबाखाली धुरकटतं. बटणं मराठी मशीनची करायची असतील तर इंग्रजी ओळ देवनागरीत उतरवू नका. रेमिंग्टनची मधली ओळ अनुस्वार, एक मात्रा, क, पहिली वेलांटी, ह, दुसरी वेलांटी, र, काना, स, य अशी जाते. क्लास केलेल्या माणसाची बोटं पान बघताच आपोआप हलतील.

वही मिटल्यावर समोरच्या पानावर उमटत असेल

इथे दोन वेगळ्या तक्रारी एकाच नावाने सांगितल्या जातात. पहिली: टाइप केलेल्या ओळींची उलटी, पुसट छाप समोर येते. हे तेल. त्यावर बटर पेपर ठेवून उपयोग नाही, तो काही शोषत नाही. पहिले काही दिवस मध्ये साधा कोरा कागद ठेवा. वर्तमानपत्र नको, त्याचीच शाई उलटी लागेल.

दुसरी: पानं एकमेकांना चिकटतात आणि उघडताना चर्र आवाज येतो. हे अ‍ॅक्रिलिक. उष्णता आणि दमट हवेत त्याचा पापुद्रा चिकट होतो. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे ठरलेलंच. इथे बटर पेपर बरोबर. वही आडवी ढिगाखाली न ठेवता उभी ठेवा, आणि पावसाळ्यात नवीन मिडियम लावलेलं पान घाईने मिटू नका.

आधीच फिसकटलेल्या पानाचं काय?

खोडरबर घासू नका. मळलेला भाग मऊ, मळून वापरायच्या रबराने नुसता टिपा, वरवरची शाई उचलली जाते. कागद जाड असेल तर धारदार ब्लेडच्या टोकाने डाग हलकेच खरवडता येतो. व्हाइटनर मात्र घात करतो: तो अजून न सुकलेली शाई विरघळवून घेतो आणि पांढऱ्याऐवजी राखाडी थर बसतो. बेट नेस्मिथ ग्रॅहम या सेक्रेटरी बाईंनी १९५० च्या दशकात अमेरिकेत हे द्रव तयार केलं ते टायपिंगच्याच चुका झाकायला. पण तिथे एखादं अक्षर झाकायचं असे, अर्धं पान नव्हे.

मला विचाराल तर डाग पडलेली ओळ टायपिस्टच्या पद्धतीने मारून टाका. तेवढ्याच लांबीच्या कागदाच्या पट्टीवर एका इंग्रजी मशीनवर सलग एक्स टाइप करा, एक दिवस थांबा, पट्टी डागावर गोंदकांडीने लावा, आणि बरोबर मजकूर तिच्या वरच्या बाजूला, जरासा तिरका, चिकटवा. कोर्टाबाहेर बसणारे टंकलेखकही ओळ चुकली तर पान बदलत नसत, वरून एक्स मारून पुढे जात.